दहाच्या आत घरात?



गेल्या महिन्यात बस्तीच्या वरच्या हॉलमध्ये आमच्या भगिनी मंडळाची बैठक झाली. खरा विषय होता चातुर्मासातल्या स्पर्धांचा. पण रांगोळी आणि प्रश्नमंजुषा पाच मिनिटांत बाजूला पडल्या आणि गाडी वळली ती हल्लीच्या पोरांवर. कुणाच्या गल्लीत रात्री बारा वाजता वाढदिवस साजरा झाला, तोही रस्त्याच्या मधोमध, तलवारीनं केक कापून. कुणाच्या खिडकीखाली बुलेटच्या सायलेन्सरमधून फटाके फुटतात आणि सासूबाई दचकून उठून बसतात. आणि मग एक जण, जी एरवी बैठकीत तोंड उघडत नाही, ती म्हणाली की तिच्या बारावीतल्या मुलीच्या मागं क्लासपासून घरापर्यंत दोघं जण गाडीवरून आले. सलग तीन दिवस. मुलीनं चौथ्या दिवशी क्लासला जायचंच बंद केलं, तेव्हा आईला कळलं.

हॉल गप्प झाला. मग आमच्या चिटणीसबाईंनी वहीचं पान फाडून तिथंच अर्ज लिहायला घेतला. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांना. अठरा वर्षांखालील मुलामुलींना रात्री दहानंतर पालकांशिवाय रस्त्यावर फिरायला मनाई करावी, आढळल्यास पोलिसांनी घरी आणून सोडावं आणि पालकांना समज द्यावी. सह्या घेत कागद फिरू लागला. माझ्यापर्यंत आला तेव्हा बावीस सह्या झाल्या होत्या. मी पेन घेतलं, आणि म्हटलं, घरी नेते, नीट वाचून उद्या देते. बी.कॉम. झालेल्या बाईला वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही, असं म्हणून हसण्यावारी नेलं. पण खरं कारण निराळं होतं. ते पुढं सांगते.

आधी हे सांगते की, मला स्वतःला वेळेची शिस्त आवडते. आपल्याला ती काही नवी नाही. शुक्रवार पेठेतल्या माझ्या माहेरी सूर्यास्ताच्या आत ताटं उचलली जायची. हिवाळ्यात सहाच्या सुमारास, उन्हाळ्यात सातच्या सुमारास. अण्णा दुकानातून येणार, भाऊ तालमीतून येणार, आम्ही बहिणी खेळ टाकून येणार. कुणी घड्याळ लावलेलं नव्हतं, आभाळच घड्याळ. त्यामुळे दिवसातून एकदा सगळं घर एका पंक्तीला दिसायचं. कोण आलं नाही ते लगेच कळायचं. कुणाचा चेहरा उतरलाय तेही आई वाढता वाढता बघायची. रात्रिभोजन त्यागामागची जीवदया तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे; मी फक्त त्यातून घराला काय मिळालं ते सांगतेय.

मात्र त्याच घरात दुसरी एक वेळ होती, ती फक्त आम्हा मुलींसाठी. सातच्या आत घरात. या नावाचा सिनेमा २००४ साली आला, तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हटलं, हे नाव ह्यांना आमच्या अण्णांनीच सांगितलं असणार. १९७८ साली मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. अकाउंटन्सीत वर्गात पहिली. एका सरांनी शाहूपुरीत कॉस्ट अकाउंटन्सीचा क्लास सुरू केला, संध्याकाळी साडेसहा ते आठ. मी नाव घातलं, फीचे निम्मे पैसे शिकवण्यांतून साठवले. अण्णांनी फी भरायला नकार दिला नाही. फक्त विचारलं, "सुटणार किती वाजता?" मी म्हटलं, आठ. ते म्हणाले, "मग नको." एवढंच. ओरडले नाहीत, समजावलंही नाही. त्याच साली माझा भाऊ तालमीच्या फुटबॉल संघाबरोबर रात्री अकरा-अकराला घरी यायचा आणि आई त्याच्यासाठी दार उघडं ठेवून बसायची.

अण्णांवर राग नाही. त्यांना भीती होती आणि त्या काळात भीतीवर तेवढंच औषध माहीत होतं. पण मी आजवर घरखर्चाच्या वह्या लिहिल्या, ह्यांच्या दुकानाचा ताळेबंद जुळवला, मंडळाचा जमाखर्च सांभाळला, त्या प्रत्येक वेळी मनात येतं की त्या क्लासचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिला गेला नाही. आणि आता माझ्यासमोर एक कागद होता, ज्यावर सही केली की सगळ्या पेठांतल्या पोरींना "सुटणार किती वाजता?" हा प्रश्न खुद्द सरकारनं विचारावा अशी माझीही मागणी झाली असती.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे वाचत बसले. असा नियम जगात कुठं आहे, आणि असेल तर त्याचं काय झालं?

आपल्याकडे मुलांपुरती अशी कायमची बंदी नाही. जमावबंदी असते, दंगलीत संचारबंदी लागते. करोनात २२ डिसेंबर २०२० ते ५ जानेवारी २०२१ राज्यातल्या सगळ्या महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी होती, ती आपण कोल्हापुरातही पाळली. पण ती लहानथोर सगळ्यांना होती. खास अल्पवयीन मुलांसाठी रात्रीची बंदी अमेरिकेत आहे, शेकडो शहरांत. १९९६ साली तिथल्या अध्यक्षांनी, क्लिंटन यांनी, जाहीरपणे तिची तरफदारी केली होती. ऐकायला छान वाटतं. मुलं घरात, गुन्हे कमी. पण या बंदीवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातून निघालं असं, की बंदीमुळे गुन्हे कमी झाल्याचं दिसत नाही. राजधानी वॉशिंग्टनमधला अभ्यास तर आणखी चमत्कारिक. तिथं उन्हाळ्याच्या सुट्टीत बंदी रात्री बाराला सुरू व्हायची आणि सप्टेंबरपासून अकराला. त्या मधल्या एका तासात काय फरक पडतो, ते दोन अर्थशास्त्रज्ञ बायकांनी तपासलं. बंदी लागू असताना त्या तासात गोळीबार उलट वाढलेला दिसला. कारण त्यांनी सांगितलं ते आपल्या आजीलाही पटलं असतं: सरळ माणसं घरात गेली की रस्ता रिकामा होतो, आणि रिकामा रस्ता वाईट माणसाला सोयीचा.

हे वाचलं आणि मला आपली अष्टमीची रात्र आठवली. नवरात्रात अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते, तेव्हा महाद्वार रोडवर, गुजरीत केवढी गर्दी असते! रांगोळ्या, फुलं, कडेवर पोरं. मध्यरात्र होत येते तरी तरण्या मुली मैत्रिणींच्या हातात हात घालून फिरत असतात. मी किती वर्षं बघतेय, त्या रात्री कुणी आपल्या मुलीला "सातच्या आत" म्हणत नाही. त्या दिवशी पोलीस जास्त असतात हे खरं. पण त्याहून जास्त असतात ते डोळे. फुलवाली, हळदीकुंकवाचा स्टॉल, कट्ट्यावर बसलेली आजोबा मंडळी. रस्ता सुरक्षित होतो तो माणसांनी.

आणि रात्रच तेवढी वाईट असंही नाही ना. मनाला लागणारी उदाहरणं देते, माफ करा. १३ जुलै २०१६ ला नगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत पंधरा वर्षांच्या मुलीचा बळी गेला, ती आजोबांच्या घरी मसाला आणायला गेली होती, संध्याकाळी सातच्या सुमारास. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, तो शाळेच्या वेळेत, शाळेच्या स्वच्छतागृहात. राष्ट्रीय गुन्हे नोंदींचे अहवाल काढून बघा, बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. रात्री दहाची बंदी यातल्या कुणाला थांबवणार आहे? आपल्या शहराचंच घ्या. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात जे झालं, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, ते सगळं लख्ख उजेडात झालं. आणि ठिणगी कुठून पडली? मोबाईलवरच्या स्टेटसवरून. मग इंटरनेट बंद करावं लागलं. पोरगं रात्री नऊलाच घरात येऊन पांघरुणात शिरलं, म्हणून ते घरात आहे असं धरून चालता येत नाही.

आमच्या त्या मैत्रिणीच्या मुलीचंही तेच. तिच्या मागं गाडी लागली ती पावणेनऊला. आमचा अर्ज दहाचा. म्हणजे जिच्या दुःखावरून अर्ज लिहिला, तिलाच त्याचा काडीचा उपयोग नव्हता. उलट नियम झाला असता तर क्लासवाले म्हणाले असते, मुलींची बॅच दुपारी करू. कुणी म्हणालं असतं, मुलींनी क्लास लावूच नये. मागं लागणारे ते दोघं मात्र, अठरा पूर्ण झालेले असतील तर, रात्रभर फिरायला मोकळे.

आता ते खरं कारण.

जानेवारीतली गोष्ट. निपाणीहून नणंद आणि त्यांचे यजमान न कळवता आले. मला आनंद झाला, पण घरात रवा संपलेला, दही पुरेसं नाही, आणि घड्याळात साडेपाच. नणंदेचं रात्री न जेवण्याचं व्रत कडक आहे. पाऊण तासात पानं मांडायची होती. नातू सोळा वर्षांचा, मोबाईल घेऊन सोफ्यावर लोळत पडलेला. मी म्हटलं, "जा रे पटकन, कोपऱ्यावरून रवा आणि दही घेऊन ये." तो म्हणाला, "आजी, गाडी नेऊ?" आणि मी, दाराजवळच्या खुंटीवरची ॲक्टिव्हाची किल्ली माझ्या हातानं काढून त्याला दिली. पहिल्यांदा नव्हे बरं का. त्याआधीही चार-पाचदा दिली होती. सगळेच देतात, इथल्या इथं तर जायचंय, असं म्हणत.

वळणावर त्यानं एका भाजीवाल्या आजींना धडक दिली. वेग फार नव्हता म्हणून थोडक्यात निभावलं. पण त्या डाव्या हातावर पडल्या आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आमच्या मुलानं दवाखान्याचा खर्च केला, बुडालेल्या दिवसांचे पैसे दिले. पोलिसांत जायचं का म्हणून लोकांनी विचारलं, तर आजी म्हणाल्या, "पोरगं हाय, जाऊ दे तिकडं." नातवाला खरचटलंही नव्हतं. रव्याची पिशवी मात्र फुटून रस्त्यावर पांढरं झालं होतं सगळं.

तेव्हा मी कायदा पाहिला नव्हता. नंतर पाहिला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९-अ हे कलम घातलंय. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर दोषी धरला जातो तो पालक किंवा गाडीचा मालक. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, पंचवीस हजार रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त पन्नास सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीसाठी. आपल्या दारात उभी असते ती ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. तिच्यासाठी अठरा पूर्णच लागतात. आमची गाडी सुनेच्या नावावर आहे. म्हणजे किल्ली दिली मी, आणि त्या आजींनी तक्रार केली असती तर कोर्टाची पायरी चढावी लागली असती माझ्या सुनेला. ती त्या वेळी ऑफिसात होती. हे समजल्यावर मी तिच्याशी दोन दिवस नीट बोलू शकले नाही.

आणि आपल्या शास्त्रात तर हे आधीच लिहून ठेवलंय. श्रावकाच्या बारा व्रतांत एक अनर्थदंड व्रत आहे, विनाकारण होणाऱ्या पापापासून दूर राहण्याचं. त्यात पाच प्रकार सांगितलेत, त्यातला एक हिंसादान. विष, शस्त्र, विस्तव, दोर, ज्यानं दुसऱ्याला इजा होईल अशी वस्तू कुणाच्या हातात देणं. दशलक्षणात प्रवचनाला बसून मी हा शब्द किती वर्षं ऐकला असेन. दरवेळी डोळ्यासमोर तलवार यायची, कुऱ्हाड यायची. खुंटीवरची किल्ली कधी आली नाही. जीव जाऊ नये म्हणून दिवसाउजेडी जेवायचं, आणि तेवढ्यासाठी घाईनं पोराच्या हातात किल्ली द्यायची! माझ्याच स्वयंपाकघरात हे घडलं.

पुण्याची घटना आपण सगळ्यांनी पाहिली. १९ मे २०२४, पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या महागड्या मोटारीनं दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. बाल न्याय मंडळानं जामीन देताना अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि देश संतापला. त्या वेळीही टीव्हीवर बरेच जण म्हणत होते, इतक्या रात्री पोरं बाहेर सोडावीतच कशाला? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. आज वाटतं, वेळ हा त्यातला सगळ्यात लहान दोष. मोटार कुणी दिली? कायद्यानं ज्या वयाला दारू मिळायलाच नको त्याला ती कुणी विकली? आणि नंतर रक्ताचा नमुना बदलण्यासाठी आईनं स्वतःचं रक्त दिलं, असा पोलिसांचा आरोप आहे. वडील, आजोबा, आई, सगळ्यांना अटक झाली. तोच मुलगा दुपारी तीनला त्याच मोटारीत बसला असता, तरी मरणारं माणूस मेलंच असतं. यातला एकही दोष बंदीनं सुटणारा नव्हता. आणि अल्पवयीन मुलाला गाडी देऊ नये, दारू विकू नये, हे कायदे आधीपासून होतेच. ते मोठ्यांसाठी होते आणि मोठ्यांनीच मोडले.

मोठ्यांच्या वेळेचंच बघा की. २००० सालापासून नियम आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सवलत, तीही सरकारनं दिली तर. आपल्या पेठांत डॉल्बी कधी दहाला बंद झालेला ऐकलाय? वर्गणी आपणच देतो, कौतुकानं गच्चीवरून बघतोही आपणच. आणि पोरांनी मात्र दहाच्या ठोक्याला घरात यायचं.

म्हणजे वेळेची मर्यादा निरुपयोगी, असं माझं म्हणणं नाही. ती लागू पडते, फक्त मोठ्यांनी आधी स्वतःला लावून घेतली तर. जवळचं उदाहरण आहे, आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. करोनात मुलांच्या हातात अभ्यासासाठी मोबाईल आले, ते शाळा सुरू झाल्या तरी सुटेनात. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली. पुरुष मंडळींनी आधी हसण्यावारी नेली, मग ग्रामपंचायतीनं बायकांना गोळा केलं. बायका म्हणाल्या, खरं आहे, आम्हीही मालिकांत अडकलोय. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत घरातला टीव्ही बंद, मोबाईल बंद. मुलांचेही आणि आईबापांचेही. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, शिक्षक सुरुवातीला घरोघर जाऊन सांगत. पोरानं पुस्तक उघडायचं आणि आईनं मालिका लावायची, असं तिथं नाही. मला यातलं तेच सगळ्यात आवडलं. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो.

दूरचं उदाहरण आइसलँडचं. तिथं मुलांना बाहेर राहण्याची वेळ कायद्यानं ठरवून दिलीय. हिवाळ्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना रात्री आठ, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना दहा. उन्हाळ्यात दोन तास जास्त. मी वाचताना म्हटलं, बघा, आमच्या चिटणीसबाई बरोबर म्हणत होत्या! पण पुढं वाचलं तर तिथले आईवडील आपसात लेखी करार करतात, आठवड्याच्या शेवटी रात्री गटागटानं स्वतः गल्लीतून फेऱ्या मारतात, आणि मुलांना खेळ, संगीत शिकायला सरकार पैसे देतं. १९९८ साली तिथली पंधरा-सोळा वर्षांची शंभरातली बेचाळीस मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगत होती. २०१६ साली ते प्रमाण पाचावर आलं. त्यात नुसत्या वेळेचा वाटा किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण थंडीत गल्लीतून फिरणाऱ्या त्या आया माझ्या डोळ्यासमोरून हलेनात.

आपल्याकडे देशव्रत आहे. ठरावीक काळापुरती आपण आपल्या फिरण्याची हद्द आखून घेतो, आज सूर्यास्तापासून उद्या सकाळपर्यंत या गल्लीच्या पलीकडे जाणार नाही, असं. ही बंदीच आहे, पण ती घेणारा स्वतः घेतो, हात जोडून घेतो. आईनं मुलावर देशव्रत लादलं असं कधी ऐकलंय का?

दुसऱ्या दिवशी मी चिटणीसबाईंच्या घरी गेले. सही न केलेला कागद परत दिला आणि भाजीवाल्या आजींची गोष्ट पहिल्यांदा घराबाहेर कुणाला तरी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वहिनी, आमचा धाकटापण चालवतो हो." बराच वेळ आम्ही दोघी चहा न पिता बसलो. त्यांचं म्हणणं अजूनही असं आहे की नियम हवाच. लोक स्वतःहून काही करत नाहीत. त्या अगदीच चूक आहेत असं मला म्हणवत नाही. पण अर्ज त्यांनी बदलला. आता त्यात क्लासच्या गल्लीतले तीन बंद दिवे आहेत, त्या रस्त्यावर संध्याकाळी निर्भया पथकाची फेरी हवी असं आहे, शेवटची केएमटी क्लास सुटल्यानंतरची असावी असं आहे, आणि अल्पवयीन मुलं गाडी चालवताना सापडली तर पालकांवर कारवाई करा, असंही आहे. या शेवटच्या ओळीवर मंडळात कडाक्याचं भांडण झालं. आधीच्या अर्जावर बावीस सह्या होत्या, यावर चौदा. माझी पंधरावी.

घरात किल्ली आता खुंटीवर नसते, सुनेच्या पर्समध्ये असते. नातू चिडला होता. मी त्याला कायदा वाचून दाखवला, शास्त्रही सांगितलं. त्यानं कायद्याकडे जास्त लक्ष दिलं. रवा संपला तर तो चालत जातो, नाहीतर त्या दिवशी रव्याचं काही होत नाही. नातीचा क्लास साडेआठला सुटतो. तिचा चौविहार असतो, म्हणून मधल्या सुट्टीत दिवस मावळायच्या आत ती डबा खाते. "सुटणार किती वाजता?" हे मी तिला विचारते, पण ते मला तिथं जाऊन थांबायचं असतं म्हणून.

कारण आता रोज आम्ही चौघी त्या वळणावर सव्वाआठ ते नऊ उभ्या असतो. चिटणीसबाई, मी, आणि दोघी. सामायिक थोडं लवकर उरकून घेतो. काही करत नाही, नुसत्या उभ्या. इस्त्रीवाल्यानं बाकडं बाहेर काढून दिलंय. ज्या मुलीनं क्लास सोडला होता ती दुसऱ्या आठवड्यापासून परत येऊ लागली. गाडीवरचे ते दोघं एकदा दिसले, आमच्याकडे बघून पुढं गेले. उद्या येणार नाहीत याची खात्री नाही.

परवा एक तरुण हवालदार गाडी थांबवून म्हणाला, "आज्जी, रात्रीचं काय उभं ऱ्हायलाय? जावा की घराकडं." चिटणीसबाईंनी त्याला अर्जाची प्रत काढून दाखवली. त्यानं ती टॉर्चच्या उजेडात वाचली, वरच्या बंद दिव्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "किती वेळ थांबणार?"

मी म्हटलं, "पोरी सुटू देत. मग जातो."